सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस

२४ मार्च २००८

ओग्न्यान,

काल फोनवर तू बोलत होतास आणि मी गप्प होते. त्याचा अर्थ तू होकार असा घेतलास, म्हणून लिहून कळवते. कागद काढणार नाही.

तुझ्या भावाच्या चाळिसाव्याचे शोकाचे कागद जिथे लावले आहेत तिथेच राहतील. इमारतीच्या दारावर, बसथांब्याच्या खांबावर, शाळेच्या फाटकावर आणि बेकरीसमोरच्या लिंडनच्या झाडावर. पाऊस त्यांना काढेल तेव्हा काढेल.

तुला कुणी काय सांगितलं मला माहीत नाही, म्हणून कागदावर काय आहे ते मीच सांगते. काळी चौकट, क्रूस, वेलिझारचा फोटो, नाव, गणिताचे शिक्षक, चाळीस दिवस. खाली माझं नाव. आणि लोक जिथे कविता छापतात तिथे एक आकडा. ७३९३९१३३. बस.

कागद छापणाऱ्या दुकानात एक मुलगी बसते. तिने माझ्यापुढे कवितांची फाइल उघडली.

"काकू, ही सात नंबरची घ्या. सगळे हीच घेतात. 'तू गेलास, दीप विझला'."

"आमच्या घरात दिवा मी विझवायचे. तो विसरायचा."

"मग बारा नंबर? त्यात दिवा नाही, पाखरू आहे."

मी तिच्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. तिने तो मोबाइलवर लावून बघितला, माझ्यासमोरच. मग म्हणाली, "लागत नाहीये हो." मी म्हटलं, "लागणार नाही. तसाच छाप."

तिची एकटीचीच चूक नव्हती. दुसऱ्या दिवशी पावलिना, आमच्या शेजारची, जिना चढून धापा टाकत आली आणि म्हणाली, "अगं रायना, घर विकायला काढलंस आणि मला सांगितलंही नाहीस!" विधवा बाई, कागदावर नंबर, म्हणजे घर विकायचं, हे गावाने ठरवून टाकलं. रविवारी शेजारच्या गावाहून एक जोडपं आलं. फोन लागेना म्हणून थेट आलो, म्हणाले. मी त्यांच्यातल्या नवऱ्याला समजावून सांगेपर्यंत बायकोने खिडकीला वीत लावून पडद्याचं माप घेतलंसुद्धा. त्यांना कॉफी दिली आणि परत पाठवलं.

पाद्रीबाबांनीही थांबवलं. चाळिसाव्याचा उकडलेला गहू साखर पेरून मी चर्चमध्ये नेला होता, त्याला त्यांनी आशीर्वाद दिला आणि मग हळूच विचारलं, "रायना, हा आकडा पवित्र ग्रंथातला आहे का?"

"नाही, बाबा."

"मग त्या दुसऱ्याचा, सैतानाचा, तर नाही ना?"

"त्याचा सहाशे सहासष्ट, तीन अंकी आहे. आणि त्याला दोनने भाग जातो."

ते हसले. तू हसला नाहीस. "वहिनी, गावात लोक म्हणताहेत मास्तरचं डोकं शेवटी फिरलं होतं, जरा आमच्या नावाचा विचार करा," असं तू म्हणालास. त्याचं डोकं शेवटपर्यंत ठीक होतं. त्याची फुप्फुसं गेली. येऊन बघितलं असतंस तर कळलं असतं.

दफनाला तुमच्या विद्यापीठाचं पुष्पचक्र पोचलं होतं. फिती सोनेरी होत्या.

रायना

११ एप्रिल

ओग्न्यान,

तुझा माणूस येऊन गेला. निळी गाडी, सोफियाची पाटी. गोंदाची बादली त्याने स्वतःबरोबर आणली होती, एवढं नीट काम तू दुसऱ्या कुठल्या बाबतीत केल्याचं मला आठवत नाही.

तुझा कागद मी वाचला. कागद जाड आहे, फोटो त्याच्या लष्करातल्या दिवसांतला आहे, कविता आहे (बारा नंबरची, पाखराची), आणि खाली लिहिलंय: शोकाकुल, भाऊ प्राध्यापक ओग्न्यान, आणि कुटुंबीय.

मी त्याची बायको छत्तीस वर्षं होते. तुझ्या कागदावर मी कुटुंबीय झाले.

तरी मी तुझे कागद फाडलेले नाहीत. त्यांच्यावरही त्याचा चेहरा आहे. त्यांच्याखाली माझे झाकले गेले होते, म्हणून मी नवे छापून आणले आणि शेजारी लावले. आमच्या इमारतीचं सगळं बघणारे मिंचो काका खाली उभे राहून बघत होते. त्यांनी आधी टोपी काढली, मग तोंड उघडलं.

"रायनाबाई, एका माणसाचे एका दारावर दोन कागद? बघणाऱ्याला वाटेल दोघं गेले."

"वाटू दे."

"नियम आहे आपला. एक मयत, एक कागद."

"मग तो जाड कागद काढा. तो कुणी लावला ते विचारलंत का तुम्ही?"

"प्राध्यापकसाहेबांचा आहे ना तो!" मग दोन्ही कागद निरखून ते म्हणाले, "तुमच्यात फोटो चांगला आहे. ह्यात मास्तर रागावलेले दिसतात." आणि गोंदाचा ब्रश माझ्या हातातून घेऊन माझ्या कागदाचा वरचा कोपरा त्यांनीच दाबून बसवला. पुढच्या बैठकीत ते नियमाचा विषय काढणार आहेत म्हणे.

बसथांब्याच्या खांबावर मात्र जागा नव्हती. तिथे तुझ्या माणसाने तुझा कागद माझ्यावर तिरका चिकटवला आहे. आकड्याचे शेवटचे चार अंक झाकले गेले आणि ७३९३ उरले. तिथे मी काहीही केलं नाही. का, ते सांगते. तू गणिताचा प्राध्यापक आहेस, तुला माहीत आहे, पण तू ते मनातल्या मनात एकदाही करून बघितलं नसशील.

मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कुणीही भाग देऊ शकत नाही. सात मूळ आहे. सातापुढे तीन ठेवला, त्र्याहत्तर झाले, तेही मूळ. पुढे नऊ, सातशे एकोणचाळीस, मूळ. पुढे तीन, मूळ. नऊ, मूळ. एक, मूळ. तीन, मूळ. आणखी एक तीन, तरीही मूळ. म्हणजे हा आख्खा आकडा घे आणि उजवीकडून एकेक अंक उडवत जा. प्रत्येक वेळी जे उरतं त्याला कुणी भागू शकत नाही. शेवटच्या सातापर्यंत.

तुझ्या माणसाने चार अंक झाकले. उरलं ते तसंच आहे.

उद्या वाऱ्याने आणखी एक जाईल. जाऊ दे.

रायना

६ मे

ओग्न्यान,

तुझं पत्र मिळालं. विद्यापीठाच्या कागदावर, टाइप केलेलं. शेवटी सही हाताने आहे, तेवढी बघून मला जरा बरं वाटलं, कारण तुमच्या दोघांचा 'न' सारखाच आहे.

तू तीन गोष्टी लिहिल्या आहेस. पहिली, आकडा त्याचा नाही, परदेशातल्या लोकांनी तो फार पूर्वी छापून प्रसिद्ध केलाय. दुसरी, आज यंत्र हे काम डोळ्याचं पातं लवायच्या आत करतं. तिसरी, एका शाळामास्तराच्या कागदावर तो बघून जाणकार माणसं हसतील, आणि त्यांतले बरेच तुला ओळखतात.

तिसऱ्या गोष्टीचं मी काही करू शकत नाही.

पहिलीबद्दल. तू हे त्याला आधीही सांगितलं होतंस, सगळ्यांसमोर. तुमच्या वडिलांच्या वर्षश्राद्धाचं जेवण होतं, माझ्या स्वयंपाकघरात. बीनचं सूप, भरलेल्या मिरच्या, मासे. तू सोफियाहून आला होतास आणि टेबलाच्या टोकाला बसला होतास. वेलिझारने तुला वाढता वाढता सांगितलं, की उजवीकडून कापल्या तरी मूळ राहणाऱ्या संख्या मोजक्याच असतात, सगळ्या मिळून त्र्याऐंशी, आणि सगळ्यांत मोठी ही. त्याला ते सिद्ध करता आलं होतं. तू मासा सोलत होतास. म्हणालास:

"दादा, तू डॅन्यूबचा शोध लावलास! काठावरच्या लोकांना कुणीतरी कळवायला हवं."

सगळे हसले. तुझ्या आत्याबाई तर डोळे पुसायला लागल्या. मग तू सांगितलंस की हे छापून झालेलं आहे, तू ग्रंथालयात स्वतः वाचलंयस. वेलिझार हातात डाव धरून उभा होता.

"किती निघाल्या त्यांच्या?" त्याने विचारलं.

"त्र्याऐंशीच."

"आणि मोठी?"

"हीच."

तो माझ्याकडे बघून हसला. मग तुझ्या ताटात आणखी एक मिरची वाढली आणि खाली बसला. तुला वाटलं तो खजील झाला. नंतर तू गाडीत बायकोला म्हणालास की दादाला लागलं असेल पण कुणीतरी सांगायला हवंच होतं. हे मला तुझ्या बायकोनेच सांगितलं, तेव्हा ती माझ्याशी बोलायची.

त्याला लागलं नव्हतं. मला लागलं होतं. मी त्या दिवसापासून तुझ्या घरी पाऊल टाकलं नाही आणि त्यालाही जाऊ दिलं नाही, आणि त्यात माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण तो त्या संध्याकाळी भांडी पुसताना शीळ घालत होता. मी म्हटलं, "तुला राग कसा येत नाही?" तो म्हणाला, "अगं, बरोबर आलं! जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी वेगळं बसून केलं आणि तेच आलं."

आकडा त्याचा आहे असं त्याने कधीच म्हटलं नाही. मी कागदावर तो त्याच्या मालकीचा म्हणून छापलेला नाही.

आता दुसरी गोष्ट, यंत्राची. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगायचं काही कारणही नव्हतं.

ज्या हिवाळ्यात वीज दोन तास असायची आणि दोन तास जायची, तो तुला आठवत असेल, सोफियातही जायचीच. आम्ही रॉकेलचा दिवा लावून, कोट घालून स्वयंपाकघरात बसायचो. आधीच्या लहान संख्या वेलिझारने त्याआधीच्या वर्षांत एकट्याने तपासल्या होत्या. ही शेवटची राहिली होती. ती मूळ आहे हे कळायला तिला आठ हजार सहाशेच्या आतल्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघावं लागतं. त्याच्यापुढे जावं लागत नाही, कारण त्यापुढचा कुणी भागणारा असता तर त्याचा जोडीदार अलीकडेच सापडला असता. हजाराच्या वर भागाकार होते. वेलिझार खोकत होता, तेव्हाही. एका संध्याकाळी मी त्याच्यापुढचा मूळ संख्यांचा तक्ता ओढून घेतला आणि मधोमध घडी घातली. चार हजारांच्या आतल्या त्याच्या, वरच्या माझ्या.

मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. दिवसभर बीटच्या रसाचे आकडे करून आल्यावर घरी पुन्हा आकडे करायचे, याला पावलिना वेडेपणा म्हणाली असती. तिच्याकडे संध्याकाळी मुलींचे पाढे चालायचे. भिंतीतून ऐकू यायचे. आमच्याकडे भागाकार.

एकदा माझी बाकी शून्य आली.

मी पेन्सिल खाली ठेवली. तो समोर होता, त्याने माझ्या कागदाकडे बघितलं. सगळं तिथेच संपलं होतं, इतक्या वर्षांचं. "पुन्हा कर" असं तो म्हणाला नाही आणि कागद ओढून स्वतःही केलं नाही. उठून चहा ठेवला. मी पुन्हा केलं. मधे एका ठिकाणी मी हातचा विसरले होते. बाकी उरली, चांगली मोठी. मी म्हटलं, "उरते आहे." तो चुलीकडे तोंड करून उभा होता, तसाच म्हणाला, "माहीत होतं."

"कसं माहीत होतं?"

"माहीत नव्हतं," तो म्हणाला, आणि चहात साखरेऐवजी मीठ घातलं.

तर यंत्र करत असेल. करू दे. हजाराच्या वर भागाकारांपैकी निम्मे माझ्या हातचे आहेत, आणि जाणकार माणसं हसतील म्हणून मी ते पुसणार नाही.

उद्या ईस्टरनंतर पहिल्यांदा थडग्यावर जाणार आहे. एक लाल अंडं तुझ्यातर्फे ठेवायचं का, ते तू लिहिलं नाहीस. मी विचारतही नाही.

रायना

३० जून

ओग्न्यान,

थोडक्यात लिहिते. मला त्याच्या थडग्याच्या दगडाबद्दल बोलायचं होतं आणि तू माझ्या आधी पाथरवटाशी बोललास.

स्लावी मिस्त्रीकडे मी गेले तेव्हा त्याने हात धुतले, स्टूल पुसलं, मला बसवलं, आणि मग मान खाली घालून सांगितलं.

"रायनाबाई, तुमच्या दिरांचा फोन होता. दगडावर नाव, दोन सालं, बस. त्याच्यावर एक रेघ जास्त नको, म्हणाले. जागा त्यांच्या वडिलांची आहे, दोघा भावांची."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार? मागे एकदा दोन भावांच्या भांडणात मी छिन्नी घातली. एकाने सांगितलं 'वीर' लिही, दुसऱ्याने येऊन 'वीर' खोडायला लावलं, मग पहिला आला. तो दगड शेवटी इतका पातळ झाला की हिवाळ्यात तडकला. तेव्हापासून नाही. दगडावरच्या मेलेल्याच्या बाजूबद्दल सगळ्यांचं एकमत असल्याशिवाय मी हात लावत नाही."

"त्याचं एकमत होतं."

"त्यांना आता विचारता येत नाही ना."

त्याच्यावर मी रागावले नाही. तो बरोबर बोलत होता.

तुझ्यावर मात्र राग आहे. तो आजारी असताना मी तुला कळवलं होतं. तुझ्या कचेरीतल्या मुलीने निरोप लिहून घेतला आणि अक्षरं नीट विचारली, वेलिझारमध्ये 'झ' की 'स'. तेव्हा तुला यायला झालं नाही. पाथरवटाला फोन करायला झालं.

तू म्हणशील, वहिनी एवढ्या एका आकड्यावर का अडून बसल्या आहेत. मीही स्वतःला विचारलं. सुंदर बोलता मला येत नाही. त्याच्या दफनाला शाळेचे मुख्याध्यापक बोलले, त्याच्या समर्पणाबद्दल. पावलिनाचा नवरा बोलला, त्याच्या शांत स्वभावाबद्दल. तो काही शांत नव्हता, तो घरात सारखा बोलायचा. ही सगळी बोलणी कुठल्याही मास्तरवर बसली असती. कवितांची फाइलही तशीच. सात नंबर कुणालाही चालते. त्याच्याबद्दलची एकच गोष्ट मला माहीत आहे जी खरी आहे आणि उद्याही खरी असेल, आणि ती मी स्वतः तपासली आहे.

तेवढ्यासाठी.

दगडावर त्याच्या बाजूला तू सांगितलंस तेच येईल. नाव आणि दोन सालं. मी स्लावीला तसं सांगून आले. तू जिंकलास असं तुला वाटेल, तर आत्ता वाटून घे.

रायना

१२ ऑगस्ट

ओग्न्यान,

सहा महिने झाले. सहा महिन्यांचा कागद मी छापलेला नाही. त्याची गरज उरली नाही. आणि तुला पावलिनाकडून किंवा त्या निळ्या गाडीवाल्याकडून अर्धवट कळलं आहे, ते माझ्याकडून पूर्ण कळावं म्हणून लिहिते.

दगड उभा राहिला. काळा, साधा, आपल्याकडे नवराबायकोचा असतो तसा, दोघांचा मिळून. डावीकडे वेलिझार. नाव आणि दोन सालं. तू म्हणालास तसंच, एक रेघ जास्त नाही.

उजवीकडे मी. इथल्या सगळ्या बायकांचं असतं तसं माझंही जिवंतपणीच कोरून घेतलं. पावलिनाने स्वतःचं दहा वर्षांपूर्वी कोरून घेतलं आहे, फोटोसकट, आणि दर वर्षी जाऊन तक्रार करते की फोटोत ती म्हातारी दिसते.

स्लावीने मला विचारलं, "तुमच्या बाजूला काय लिहू?"

"माझ्या बाजूला कुणाकुणाचं एकमत लागतं?"

तो खडू हातात धरून हसायला लागला. "जिवंत माणसाच्या बाजूला त्यालाच विचारतात, बाई. दुसऱ्या कुणाला विचारणार?"

"मग लिही. रायना, वेलिझारची बायको. जन्मसाल. आणि खाली हे."

त्याने खडूने आखलं आणि मागे सरून बघितलं. "मधे जागा सोडू का? दोन-दोन करून. वाचायला बरं पडतं, फोनसारखं."

"नको. सलग."

"लोक विचारतील हो मला."

"सांग की त्या जिवंत आहेत, त्यांनाच जाऊन विचारा."

मी वाचलं. ७३९३९१३ लिहिलं होतं. शेवटी तीन दोनदा पाठोपाठ येतो, तो माझ्याकडून चुकून दोनदा लिहिला गेला असं त्याला वाटलं असावं. मी म्हटलं, "मिस्त्री, आणखी एक तीन हवा."

"एका तीनाने काय होतंय? दगडाच्या कडेला जाईल तो."

"जाऊ दे कडेला. तो शेवटचा आहे. त्याच्यापुढे काहीही लावलं तरी मोडतं."

त्याला मी बसून समजावलं. एक लावला किंवा सात लावला तर अंकांची बेरीज तीनच्या पाढ्यात जाते, ते त्याने बोटांवर मोजून बघितलं आणि पटलं म्हणाला. तीन किंवा नऊ लावला तर जास्त खणावं लागतं, पण तेही मोडतं. सम अंक, शून्य आणि पाच तर विचारायलाच नको. म्हणजे इथपर्यंतच येतं. याहून लांब अशी संख्या नाही, कधी सापडणारही नाही, कितीही यंत्रं लावा. स्लावी म्हणाला, "म्हणजे मास्तरांनी रस्त्याच्या शेवटपर्यंत जाऊन बघितलं म्हणायचं." मी म्हटलं, "आम्ही दोघांनी." त्याने तो तीन कोरला. कडेला फार जागा उरली नाही, पण बसला.

मी कोरून होईपर्यंत तिथेच बसले होते. दुपारी त्याने मला त्याच्या डब्यातला पाव आणि चीज दिलं. टोमॅटो त्याच्या बागेतले होते.

परवा तुझा फोन आला होता. तू खूप बोललास. वकील, वडिलांची जागा, कुटुंबाची शोभा. वहिनी, तुम्ही माझ्या भावाच्या थडग्याची थट्टा चालवली आहे, असं म्हणालास. मी पुन्हा गप्प होते, पण या वेळी तू त्याला होकार समजला नाहीस, एवढं तुझ्या आवाजावरून कळलं. मग तू थांबलास आणि विचारलंस, "ते निम्मे भागाकार खरंच तुम्ही केलेत?" मी हो म्हटलं. तू म्हणालास, "चार हजारांच्या वरचे? ते तर अवघड असतात." आणि फोन ठेवलास.

ते अवघड नसतात. लांब असतात.

तुझ्या भावाच्या बाजूला तुझं म्हणणं आहे, ते मी मोडलेलं नाही. माझी बाजू माझी आहे. तिथे माझ्या निम्म्या भागाकारांबरोबर त्याचेही निम्मे आलेत, त्याला माझा इलाज नाही. वकील आणायचा असेल तर आण, मी त्यालाही कॉफी देईन आणि दगडापर्यंत चालवत नेईन.

एकच गोष्ट राहिली. माझ्या जन्मसालाच्या पुढे एक रेघ आहे आणि रेघेपुढे जागा रिकामी ठेवली आहे. ते साल कोरायला स्लावीला कुणीतरी सांगावं लागेल. आमच्याकडे दुसरं कुणी नाही, हे तुला माहीत आहे. तेव्हा ते तू सांग. चार अंक सांगायचे, नीट बघून कोरून घ्यायचे, आणि जायचं.

त्याच्या खालच्या आकड्याला हात लावायचा नाही.

रायना